बरकत, दोन, तीन

हुरड्याचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. इतरांना या दिवसांत थंडी गोड लागते, उन्हात पाठ शेकत बसावंसं वाटतं, कुणाकुणाच्या शेतावर जायचे बेत शिजतात. मला राग येतो. घरच्यांना हे आता पाठ झालं आहे. परवा नातू मित्रांबरोबर कुठल्याशा शेतावर जाऊन आला आणि येताना प्लॅस्टिकच्या पिशवीतून हुरडा घेऊन आला. बशीत काढून, बाजूला लसणाची चटणी घालून त्यानं तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आजी, खा, पण यंदा चिडू नकोस." मी दोन दाणे तोंडात टाकले. कोवळे होते, दुधाळ होते, गोडही होते. तरी चिडले.

यंदा चिडायला आणखी एक निमित्त मिळालं. पुण्याहून नातसून आली होती. जेवताना तिनं सांगितलं की त्यांनी मुलांना शाळेत घालायचं नाही असं ठरवलंय, ती स्वतःच घरी शिकवणार आहे. ताटावरचे सगळे तिच्याकडे बघायला लागले. कुणी म्हणालं, केवढं धाडस. कुणी म्हणालं, विचार करण्यासारखं आहे. माझा लेक बाळू, जो आता स्वतः आजोबा झालाय, तोही कौतुकानं मान डोलवत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. अरे बाबा, तू पाढे कुठं शिकलास? जोंधळ्यातल्या माळ्यावर उभा राहून, पाखरं हाकता हाकता शिकलास. तेव्हा माझ्यासाठी कुणी मान डोलवली नव्हती. वस्तीवरच्या बाईचं डोकं फिरलंय, असं म्हणत होते.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती ती. राहात्याच्या बाजारापासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर आमचं गाव, आणि गावापासून बाजूला, कालव्याच्या चारीला लागून आमची वस्ती. गावात दोन खोल्यांची शाळा होती. कौलं फुटकी, पण शाळा होती. माझी विमल दुसरीत होती आणि धाकटा बाळू पहिलीत. मार्गशीर्षातल्या एका सकाळी दोघं दप्तरं घेऊन गेली आणि मी भाकरी थापून होते न होते तोच परत आली.

"शाळंत बाजरी हाय," बाळू म्हणाला.

मला वाटलं, कुणाचं तरी एखादं पोतं ठेवलं असेल. जाऊन पाहिलं तर दोन्ही खोल्या जमिनीपासून आढ्यापर्यंत पोत्यांनी भरलेल्या. फळा पोत्यांच्या मागं गेला होता, त्याचा एक कोपरा तेवढा दिसत होता. त्या साली सरकारनं लेव्ही बसवली होती. ज्यानं जे पिकवलं त्यातला ठरलेला हिस्सा सरकारला घालायचा, असा हुकूम. धान्य गोळा झालं, पण ते ठेवायचं कुठं? गावात जागा नव्हती असं नाही. पाटलाचं कोठार निम्मं रिकामं होतं. देवळाची धर्मशाळा होती, तिच्यात वर्षभर शेळ्या बसत. पण पाटलाला कोण सांगणार आणि शेळ्यांना कोण हाकलणार? सगळ्यात सोपी हाकलायला पोरं. पोरांना घरी जा म्हटलं की ती टाळ्या वाजवत जातात.

गुरुजी पायरीवर बसून पोत्यांची नोंद करत होते. सरकारनं त्यांना त्याच कामाला लावलं होतं. भला माणूस होता, पण ताठ उभं राहणं त्यांना कधी जमलंच नाही. मी विचारलं, "गुरुजी, शाळा कधी उघडणार?"

"धान्य उचललं की उघडू, बाई."

"आणि धान्य कधी उचलणार?"

"वरून हुकूम आला की."

"वरून म्हणजे कुठून?"

गुरुजींनी पेन्सिल कानामागं खोचली आणि आभाळाकडे बघितल्यासारखं केलं. सगळं गाव हे ऐकून गप्प होतं, आणि मला त्याचीच जास्त चीड आली. उसाला चारीचं पाणी एक पाळी चुकलं तर हेच लोक कालव्याच्या साहेबाच्या दारात जाऊन बसत. शाळेत बाजरी भरली, तर कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही.

मी संगमनेरची. तिथं सातवीपर्यंत शिकले होते. लग्न ठरताना सासरच्यांनी हे गुण म्हणून सगळीकडे सांगितलं आणि लग्न झाल्यावर दोष म्हणून. घरी येऊन मी ओसरी सारवली, एका कडेला गोणपाट अंथरलं आणि पोरांना सांगितलं, उद्यापासून शाळा इथं.

हे म्हणायला सोपं होतं. आजची नातसून पुस्तकं वाचून, कुणाकुणाशी बोलून तयारीला लागली आहे. माझ्याजवळ दोन पोरं, एक फुटकी पाटी आणि चुलीवरचं कालवण एवढंच होतं. पहिल्याच दिवशी बाळूनं मला गुरुजी मानायला नकार दिला. "तू आई हायस," तो म्हणाला. "गुरुजी भाकरी करत न्हाईत." मी म्हटलं, मी भाकरीपण करते आणि गुरुजीपण आहे. त्याला ते पटलं नाही. त्यानं पाटी उलटी धरली आणि भूक लागली म्हणून सूर लावला. शाळेत चार तास ज्याला भूक लागत नसे, त्याला घरी श्री काढायच्या आधी भूक लागायची. विमलला वेगळीच अडचण. तिला घंटा हवी होती. घंटेशिवाय शाळा सुरू होते हे तिला मान्यच नव्हतं. शेवटी गोठ्याच्या आढ्याला नांगराचा जुना फाळ टांगला, तो ती दगडानं ठणठण वाजवायची, आणि बैल दचकायचे.

पहिला पंधरवडा मी रडकुंडीला आले होते. क काढायला सांगावं तर दूध उतू जाई. दूध बघायला जावं तर बाळू पसार. मग एक दिवस मी भाकऱ्यांसाठी परातीत पीठ काढलं होतं आणि बाळू समोर बसून नाक ओढत होता. रागारागानं मी पिठावरच बोटानं ब काढला. "हा तुझा," मी म्हटलं. त्यानं तो बराच वेळ न्याहाळला, मग हात पुढे करून शेजारी आपला ब काढला. वाकडा होता, पण ब होता. मी त्याच्यावर पाणी ओतलं, पीठ मळलं आणि त्याची भाकरी केली. आपण स्वतःचं अक्षर खाल्लं या आनंदात तो दिवसभर होता. त्यानंतर तो रोज नवं अक्षर मागायला परातीपाशी येऊ लागला. तिथून आमचं बस्तान बसलं. वेळापत्रक असं काही नव्हतं. पिठात अक्षरं, केर काढताना शब्द, गुरं पाण्यावर नेताना कविता. वाण्याच्या पुड्यांचे कागद मी उकलून ठेवायची. जुनी वर्तमानपत्रं असत ती, त्यामुळे आमची पोरं 'घर' आणि 'घार'च्या आधी 'रंगून' वाचायला शिकली.

हसनभाई तेव्हाच आले. चारीच्या पलीकडे त्यांचं घर. राहात्याच्या बाजारात ते मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचं धान्य मापून व्यापाऱ्याला द्यायचं, दोघांचाही विश्वास बसेल असं. त्यांची रशीदा विमलच्याच वर्गातली. तीही घरी बसली होती. हसनभाई ओसरीच्या खाली उभे राहिले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "वहिनी, आमची बी बसंल का कडंला?"

"कडेला कशाला? मध्ये बसेल," मी म्हटलं.

रशीदा मध्ये बसली. सडपातळ, सावळी पोर, केसांच्या घट्ट दोन वेण्या. बोलायची कमी, पण एकदा सांगितलेलं विसरायची नाही. बाळू तिच्या पाटीवरून बघून लिहायचा आणि ती पाटी त्याच्याकडे सरकवून ठेवायची, म्हणजे त्याला मान वाकडी करावी लागू नये.

पौषात जोंधळा पोटरीतून निसवला, माघात दाणे भरले, आणि पाखरांच्या धाडी पडायला लागल्या. राखणीला माणूस मिळेना. यांनी सांगितलं, पोरांना माळ्यावर पाठव, शाळा बिळा नंतर बघू. मी म्हटलं, शाळाही माळ्यावर जाईल. शेताच्या मधोमध चार मेढींवर बांधलेला तो माळा, त्यावर तीन पोरं आणि मी, हातात गोफणी. खाली कमरेच्याही वर आलेलं पीक, वाऱ्यानं सळसळणारं, आणि त्यावर पांढरट सकाळचं ऊन. गोफणीचे खडे संपायचे, पण पाढे संपत नसत. मी सांगितलं, पाढे म्हणायचे ते ओरडून म्हणायचे. तिघं एकदम ओरडायची, "बे एके बे", आणि थवाच्या थवा उठायचा. पावकीला, म्हणजे पाव-पावच्या पाढ्याला, पाखरं फारशी दाद देत नसत. एकोणतीसाच्या पाढ्याला मात्र शेत साफ व्हायचं, कारण तो चुकू नये म्हणून पोरं जिवाच्या आकांतानं ओरडत. वाटेनं जाणाऱ्या बाया थांबून बघत आणि पदर तोंडाला लावून हसत. एकीनं खालून विचारलं, "काय वं, पाखरं शिकवताय का पोरं?" मी तिला सांगितलं, दोन्ही. त्या दिवशी हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरात कणसं, हातावर चोळलेले गरम दाणे, पोरांच्या ओठांभोवती काळं. रशीदाचा एकोणतीसाचा पाढा त्याच दिवशी बिनचूक झाला. हुरडा समोर आला की मला अजून तो तिच्या आवाजातच ऐकू येतो, आणि पुढचं सगळं आठवतं.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. एक म्हटलं की रास तिथंच खुंटते अशी समजूत. म्हणून पहिलं माप टाकताना लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. हसनभाईंच्या तोंडी लाभाच्या जागी बरकत असायचं. अर्थ तोच, वाढ होवो. हे धान्यालाच. बैल मोजताना, पाट्या मोजताना, पोरं मोजताना सगळे एकपासूनच मोजतात. फाल्गुनात आमचं खळं झालं. मळणी झाली, उपणणी झाली, आणि रास मापायला हसनभाईच आले. तिन्ही पोरं राशीभोवती बसली होती. जात्यावर टाकायचे जोंधळे पोरांनीच शेरानं मापून घ्यायचे, असा मी घरात नियमच करून टाकला होता. विमल-बाळू लाभ म्हणत, रशीदा बरकत म्हणे, आणि पुढं तिघंही सारखीच. मला त्यात गैर काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

चैत्रात परीक्षा ठरली. शाळा भरलीच नव्हती, तरी परीक्षा होणार होती, कारण परीक्षा घ्यायचा हुकूम वेळेवर आला. ज्या हुकमानं पोती उचलायची होती तो मात्र वाटेतच होता. गावातली निम्मी पोरं परीक्षेला फिरकलीच नाहीत. हसनभाईंनी रशीदाला नवं परकर-पोलकं शिवलं. घरात त्यांचं बोलणं झालं होतं, पोर पास झाली तर तिसरीत जाईल, नाही झाली तर घरी बसंल. बायकोचा आधीपासून विरोध होता, तिला त्यांनी असा शब्द देऊन गप्प केलं होतं. मला हे माहीत होतं, म्हणून त्या सकाळी मीही पोरांबरोबर शाळेपाशी गेले.

शाळेसमोरच्या लिंबाखाली, शाळा तपासायला नगरहून आलेल्या साहेबांसाठी खुर्ची मांडली होती. डोक्यावर टोप, पायात मोजे, समोर उसाच्या रसाचा पेला. वाचन झालं. रशीदानं धडा असा वाचला की गुरुजी न राहवून हसले. मग गणित. पाट्या काढायचा साहेबांना कंटाळा आला असावा. शाळेचं दार उघडं होतं आणि पोती बाहेरपर्यंत आली होती. त्यांनी छडीनं दाखवलं आणि विमलला म्हणाले, "ती पहिल्या थरातली पोती मोज बघू."

विमल पुढे गेली. "लाभ, दोन, तीन…"

साहेब मोठ्यानं हसले. "शेतकऱ्याची लेक शोभतेस. बरं, मोज पुढं." विमलनं मोजली. साहेबांनी मान हलवली. ती पास झाली.

मग रशीदा. तिनंही पोत्याला हात लावला. "बरकत, दोन, तीन…"

"थांब," साहेब म्हणाले. "एक कुठं गेला?"

रशीदा गोंधळली. तिनं पोत्यांकडे पाहिलं. "साहेब, धान्य हाय," ती म्हणाली.

"मी काय विचारतोय? पुन्हा मोज."

"बरकत, दोन…"

"हिला एकसुद्धा येत नाही," साहेब गुरुजींना म्हणाले. "दुसऱ्या मुलीला बोलवा. ही नापास."

त्यांनी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. मी बायकांच्या घोळक्यातून पुढे झाले. डोक्यावरचा पदर सरकला होता, ते मला कळलं नव्हतं. मी म्हणाले, "साहेब, आधीच्या मुलीनंही तसंच मोजलं. ती माझी मुलगी आहे. लाभ चालतं तर बरकत का नाही?"

साहेबांनी माझ्याकडे बघायचंही टाळलं. गुरुजींना विचारलं, "या बाई कोण?"

"घरी शिकवतात त्या, साहेब."

"मग त्यांना सांगा, घरचं घरी ठेवा."

लोक हसले. ज्यांच्या खळ्यावर रशीदाच्या बापानं बरकत म्हणून राशी मापल्या होत्या, तेच लोक हसले. आपण कशाला हसतोय हे त्यांना नसेल कळलं, पण बरकत म्हणजे काय हे साहेबांना नक्की कळलं होतं. लाभ ज्याला कळतो त्याला बरकत कळते. त्यांना खरोखर ठाऊक नसतं, तर मी एव्हाना विसरूनही गेले असते. अडाण्याला किती दिवस धरून बसायचं? पण त्यांना ठाऊक होतं. एकीची बोली त्यांना गोड वाटली आणि दुसरीची त्यांनी चूक ठरवली, आणि हे करताना रसाचा पेला त्यांच्या हातातून खालीसुद्धा आला नाही. रशीदा आता कोपरगावला असते, नातवंडांत रमलेली आहे. मी हे काढलं की म्हणते, "काकी, सोडा की आता." तिला सोडवतं. मला नाही सोडवत, आणि मी सोडणारही नाही.

त्या संध्याकाळी मी यांच्यापुढे ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आपली पोरं पास झाली न्हवं? मग झालं."

यांचा स्वभाव वाईट नव्हता. बैलाला पराणी लावताना ज्याचा हात थरथरे, असा माणूस. पण ते वाक्य मी आजही विसरले नाही. साहेब परका होता, नगरहून आला नि गेला. हे वाक्य माझ्या घरात, माझ्याच हातची भाकरी खाताना बोललं गेलं होतं. मी तव्यावरची भाकरी तव्यावरच ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. त्यांनी उरलेली भाकरी कशी खाल्ली ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. संध्याकाळी हसनभाई चारीच्या पलीकडूनच बोलले, अलीकडे आले नाहीत. "वहिनी, उद्यापास्नं रशीदा येनार न्हाई."

"का?"

"बाजारात समदी हसत्यात. मापाड्याची पोर मोजन्यात नापास. मापावर हात ठिवला की कुनीतरी म्हनतंय, बगा बरं, एक येतंय का."

"अहो, तिनं तुमचीच मोजणी केली. त्यांना सांगा ना."

"काय सांगू? साहेब चुकला म्हनून सांगू? मला रोज तिथंच बसायचं हाय."

मला इतका संताप आला की मी त्यांच्यावरच खेकसले. "मग तुम्हीही उद्यापासून एक म्हणा."

हसनभाईंनी रुमाल खांद्यावर टाकला. चारीचं पाणी आमच्या दोघांच्या मधून वाहत होतं. मग म्हणाले, "मी एक म्हनलो तर शेतकरी रास झाकून घिईल, वहिनी." आणि घराकडे वळले.

हे मला कुणी समजावून द्यावं. बाप एक म्हणाला तर पोट जातं, आणि पोर एक म्हणत नाही म्हणून शाळा जाते. दोघांनी करायचं काय? पुढचे चार-आठ दिवस रशीदा चारीवर भांडी घासताना दिसे. आमच्या गोठ्यातला फाळ वाजला की ती मान वर करायची आणि पुन्हा भांड्याला राख लावायची. विमल तिकडे बघून म्हणायची, "आई, तिला हाक मारू?" मी नको म्हणायची, आणि माझंच मन मला खाई. मी गुरुजींच्या घरी गेले. ते घोंगडीवर पडले होते, उठून बसले. मी जे बोलायचं ते बोलले. ते म्हणाले, "बाई, माझी बदली करतील."

"बदली झाली तर दुसरी शाळा मिळेल तुम्हाला. तिला कुठली मिळणार?"

त्यांनी घोंगडी पायांवर ओढून घेतली. पण त्यांना ते लागलं असावं, कारण त्या आठवड्यात ते नगरला गेले आणि साहेबांना भेटले. परत आले ते थेट आमच्या ओसरीवर. हे घरीच होते. हसनभाईंना बोलावून घेतलं, ते रशीदाला घेऊन आले. गुरुजींचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "साहेब ऐकायला तयार आहेत. मुलीनं एकदा पोती एकपासून मोजून दाखवायची, बस्स. पास करतो म्हणाले."

"बगा," हे म्हणाले. "एवढंच तर हाय. म्हन बाई एकदा एक."

हसनभाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हन बेटा."

ओसरीच्या भिंतीशी आमच्या खळ्यावरची जोंधळ्याची पोती रचलेली होती. गुरुजींनी ती दाखवली. "इथंच म्हणून दाखव, म्हणजे तिथं घाबरणार नाहीस." तीन मोठे पुरुष एका आठ वर्षांच्या पोरीभोवती उभे होते आणि तिला एवढंच म्हण, एवढंच म्हण म्हणत होते. तरी मी गप्प राहिले, कारण शाळा तिची होती आणि उत्तरही तिचंच हवं होतं.

रशीदानं पोत्यांकडे पाहिलं, मग आमच्या पाट्यांकडे. "पाट्या मोजते की एकपास्नं," ती म्हणाली.

"पाट्या नकोत गं. पोती."

"पोत्यास्नी एक न्हाई म्हननार."

"का?"

"अब्बा रोज बाजारात बरकत म्हनत्यात," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द सुटे सुटे होते. "मी एक म्हनले तर त्यांचं समदं माप चुकीचं हुतं असं हुईल."

हसनभाई ओसरीच्या पायरीवर खाली बसले. रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि पुन्हा पुसलं. मग गुरुजींना म्हणाले, "साहेबास्नी सांगा, हसन मापाड्याची पोर येत न्हाई." आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, तुमच्याकडं हिला जागा हाय न्हवं?"

मी रशीदाला म्हटलं, "उभी राहा." ती उभीच होती, पण हात बाजूला घेऊन ताठ झाली, परीक्षेत राहतात तशी.

"रशीदा हसन," मी म्हणाले, "दुसरी पास. गुरुजी, ऐकलंत?"

गुरुजींनी मान खाली घातली होती. तरी म्हणाले, "ऐकलं, बाई."

"तुम्ही?" मी यांना विचारलं.

हे पोत्यांकडे बघत होते. "ऐकलं," तेही म्हणाले.

रशीदा तशीच उभी होती. बापाकडे, मग माझ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "काकी, बसू का?"

"बस," मी म्हणाले. "तिसरीत बस."

ती विमलच्या शेजारी जाऊन बसली.